सवतीला पुल्लिंगी शब्द नाही

आश्विन लागला की माझ्या पोटात जळायला लागतं. पित्ताचं जळणं मला माहीत आहे, ते सोड्यानं जातं. हे सोड्यानं जात नाही. आडवळणानं कशाला सांगू, मी एका स्कूटरवर जळतो. माझ्याच बायकोच्या. पांढरी आहे, बॅटरीवर चालते आणि तिला आवाज नाही. हसा, खुशाल हसा. मार्गासनीच्या फाट्यावर चहा पिणारी सगळी माणसं हसून झाली आहेत, तुम्ही तरी मागं कशाला राहता!

त्या फाट्यावर माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. घर मात्र लांब, वेल्ह्याच्याही पुढं, पासलीच्या अलीकडच्या चढावर. सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं, यातच उभा जन्म गेला. पण या दिवसांत तो रस्ता बघावा! पाऊस मागं सरलेला असतो, ओढे अजून वाहते असतात. खाचरांतल्या हिरव्या भातावर पिवळं चढायला लागतं. इंद्रायणीचा वास हेल्मेटच्या आत शिरतो. बांधावर तेरडा, उतारावर सोनकी. दुपारचं ऊन असं की गॅरेजच्या पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही, आणि संध्याकाळी वेल्हं सोडलं की मानेला गारवा झोंबतो. अशा वेळी गाडीवर बसलेल्या माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. मला तरी वाटायचं.

याच दिवसांत शहरातले गाडीवाले येतात. शनिवारी सकाळी फाट्यावर रांगच लागते. काही पालीकडं वळतात, राजगडाला, काही वेल्ह्याकडं. अंगात जाड जाकिटं, गुडघ्याला वाट्या, हेल्मेटवर कॅमेरा. गाड्या केवढाल्या! एकेकीची टाकी आमच्या गावच्या म्हशीच्या पोटाएवढी. माझ्या गॅरेजसमोर थांबतात आणि विचारतात, "काका, हवा मिळेल?" हवा! अरे, मी इंजिन उतरवून परत बसवणारा माणूस आणि हे माझ्याकडं हवा मागतात. मी देतो. हवा भरता भरता त्यांच्या गाड्यांवरून नजर फिरवतो आणि आतल्या आत जळतो. त्या गाड्यांचं मला काही उघडता येत नाही. कॉम्प्युटर लावून गाडीलाच विचारावं लागतं की बाई, तुझं काय दुखतंय.

माझ्या धंद्याचा सगळा इतिहास गिऱ्हाइकाच्या पहिल्या प्रश्नात आहे. मी नवा होतो तेव्हा कुणीही गाडीकडं बोट दाखवून एकच विचारायचं, "किती देती?" म्हणजे लिटरला किती पळते. दुसरं काही नाही. गाडी काळी का लाल, याची कुणाला फिकीर नव्हती, दुधाचे कॅन मागं बसले की झालं. मग ती पोरं मोठी झाली आणि त्यांची पोरं विचारायला लागली, "कितीला पळती?" या रस्त्यावर कितीला पळणार, डोंबल! त्यानंतरचे नुसतेच लांबून बघायचे आणि म्हणायचे, "लूक भारी पायजे." त्या काळात मी चांगले आरसे काढून आखूड आरसे बसवले, चांगले मडगार्ड कापले, माझ्याच हातानं. आता जो तो विचारतो, "एका चार्जिंगमध्ये वेल्ह्यावरून पुण्याला जाऊन परत येती का?" मला काय माहीत येते का! मला विचारूच नका.

तर त्या आश्विनाचं सांगतो. आमचं लग्न उन्हाळ्यात झालं आणि तो पहिला दसरा होता.

गाडी मी स्वतः जुळवली होती. सांगाडा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला, इंजिन भोरच्या एका भंगारवाल्याकडचं, चाकं आणखी कुठली. टू स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं, मागून निळा धूर. तिचा आवाज मी लावून घेतला होता. सायलेन्सरमधली जाळी काढली, थोडी कापली, परत घातली, ऐकलं, परत काढली. पावसाचे चार महिने फावल्या वेळात दुसरं काही केलं नाही. शेवटी असा आवाज आला की चढाला भरदार आणि उताराला हलका. मी एकटाच गॅरेजात टाळ्या वाजवल्या होत्या.

घटस्थापनेच्या आसपासची गोष्ट असेल. संध्याकाळी चढ चढून आलो. खाचरांवरून धुकं वर येत होतं, माणसं डुकरांना हाकलायला डबे वाजवत माळ्यावर जात होती. घरी आलो तर आमचं बाळ्या कुत्रं फाटकाशी उभं, शेपूट हलवत. आणि आत चुलीवर तवा तापलेला, पहिली भाकरी फुगलेली. सुमन म्हणजे माझी बायको, नवी नवरी, पदर खोचून बसलेली. मी विचारलं, "तुला कसं कळलं गं मी आत्ता येणार ते?"

ती भाकरीकडंच बघत म्हणाली, "आवाज वळखला की गाडीचा."

काय सांगू तुम्हाला! आई भवानीची शपथ, पुढं आयुष्यात मला कुणी हार घातला नाही, पण घातला असता तरी मी त्या वाक्याएवढा खूश झालो नसतो. या डोंगरात संध्याकाळी किती गाड्या चढतात, त्यांत माझी बायको माझी गाडी ओळखते! आणि ओळखून तवा टाकते! दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडल्या उघडल्या मी ते फाट्यावर सांगितलं. मग सांगतच राहिलो. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "मेस्तरी, आमच्या घरात बी कळंल असा आवाज लावून द्या." मी द्यायचो. मार्गासनीपासून पासलीपर्यंत कितीतरी घरांत माझ्या हातचे आवाज गेले. मला वाटायचं, तेवढ्या घरांत माझ्यामुळं वेळेवर तवे पडतायत.

सुमनला गाडीचा राग यायचा, तोही मला गोड वाटायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी ओढ्यावर नेऊन धुवायचो. शिकेकाई सोडली तर सगळं लावायचो. स्पोकची एकेक तार पुसायचो. सुमन धुण्याचं पातेलं घेऊन बाजूला उभी. म्हणायची, "सवत हाय ही माझी. हिला न्हाऊमाखू घालताय, मला कवा इचारलंय का पाणी तापलंय का म्हून?" मी नुसता हसायचो. आपल्यासाठी दोघी भांडतायत असं वाटलं की पुरुषाला दुसरं काय लागतं.

दसऱ्याला दुपारी आम्ही दोघं सोनं द्यायला निघायचो. पिशवीत आपट्याची पानं, गाडीला झेंडूचा हार, सुमन मागं एका अंगावर बसलेली, तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर. वेल्ह्यात तिची बहीण, पुढं मार्गासनीत माझे सगळे फाट्यावरचे. ती मागं असली की गाडी वेगळी चालते. उताराला जरा रेटते, वळणाला तिच्या बाजूनं झुकते, ब्रेक आधी धरावा लागतो. खड्डा चुकवता आला नाही तर खांद्यावरची बोटं रुतायची, आणि मी काही खड्डे मुद्दाम चुकवायचो नाही. पोरगी झाली, तिला मध्ये बसवलं. पोरगी मोठी झाली, लग्न होऊन भोरला गेली, परत आम्ही दोघंच. टू स्ट्रोकचे भाग मिळेनासे झाले तशी मी चेन, प्लग, वायसर, जे मिळेल ते घासून पुसून बसवत गेलो. पण दसऱ्याचा तो हात खांद्यावर येत राहिला.

गेल्या वर्षी शीतलनं, म्हणजे आमच्या पोरीनं, ती पांढरी स्कूटर आणून अंगणात उभी केली. सुमन अंगणवाडीत आहे. वस्त्यांवर हिंडायचं, मीटिंगला वेल्ह्याला जायचं, एसटीची वाट बघायची नाहीतर माझी. शीतल म्हणाली, "आई, आता कुनाची वाट बघायची न्हाई." मी तिथंच उभा होतो. कुणाची म्हणजे माझीच ना? मी म्हणालो, "अगं, तिला सायकल येत नाही, ही काय चालवणार!" सुमन शाळेच्या मैदानावर शिकली. पंधरवड्यात शिकली. पडली नाही, धडपडली नाही, माझ्याकडं एक शब्द विचारायला आली नाही. त्याचा तर मला जास्तच राग आला.

आणि तिचे लाड तरी किती! रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी उठल्या उठल्या आधी तिच्याकडं बघायचं, किती भरली. ऊन लागू नये म्हणून झाकायची. कशानं झाकते विचारा. माझ्या लग्नातल्या शालीनं! मी म्हणालो, "माझी शाल?" तर म्हणते, "पेटीत कसर लागत व्हती. कामाला तरी आली." माझी गाडी अंगणाच्या कडेला पावसात भिजत उभी आणि ती सटवी पडवीत, शाल पांघरून.

एकदा वेल्ह्याच्या हायस्कूलचे मराठीचे सर क्लचची केबल टाकायला आले होते. मी त्यांना विचारलं, "सर, बायकोच्या बाजूनं सवत म्हणतात. मग नवऱ्याच्या बाजूनं काय म्हणायचं?" सरांनी लई विचार केला. केबल टाकून झाली, गाडी चालू करून झाली, तरी विचारच. शेवटी म्हणाले, "पुल्लिंगी शब्द नाही हो मेस्तरी. पुरुषांनी भाषेला तशी गरजच पडू दिली नसावी." मी घरी येऊन सुमनला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "त्यात काय? सवत्या म्हना." आणि स्कूटरकडं बघून हाक मारली, "ए सवत्या, तुला नाव ठिवलं बग!" मी म्हणालो, "गाडी स्त्रीलिंगी असते, तिला सवत्या कसं?" तर म्हणाली, "जळताना लिंग बघून जळताय व्हय?" बोला आता.

सगळ्यात वाईट संध्याकाळी वाटायचं. पूर्वी मी यायचो आणि ती घरात असायची. आता कधी मी आधी येतो. ओट्यावर बसतो. चिक्या, सध्याचं आमचं कुत्रं, पायाशी पसरलेला. खालच्या वळणावरून गाड्या चढतात. ही दूधवाल्याची, ही सरपंचाच्या पोराची, ही माझ्याच हातची, हिची चेन सैल आहे. सगळ्या कळतात. एकीचीच वाट असते आणि तीच कळत नाही. मी कान देऊन बसलेलो असतो आणि एकदम फाटकातून शब्द येतो, "चहा घेतला का?" मी दचकतो. बाई आलेली असते, स्कूटर लावून झालेली असते, पिशवी खाली ठेवलेली असते. घरात चोर यावा तशी बायको येते.

आणि या आश्विनात त्यात बबननं भर टाकली. बबन आणि मी भोरला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. एकाच डब्यातली भाकरी खाल्ली, एकाच पान्यानं बोटं सोलून घेतली. त्यानं वेळेवर धंदा बदलला. आता भोरला त्याची काचेची शोरूम आहे, बॅटरीच्या गाड्यांची. आत थंडगार हवा, बबनच्या अंगात पांढरा शर्ट. पांढरा! मेकॅनिकच्या अंगात! माझ्या नखांतलं काळं माझ्या लग्नातही निघालं नव्हतं. सुमनची स्कूटर त्याच्याकडचीच. या दसऱ्याला त्यानं फलक लावला, जुनी द्या, नवी न्या. शीतलनं त्याचा फोटो पाठवला आणि सुमननं तो मला दाखवला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. मी गॅरेजातनं सगळी घरी आणतो. पाटावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडतो, पक्कड, हातोडी, प्लग घासायचा ब्रश, उस्तादानं दिलेला जुना स्क्रू ड्रायव्हर. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. मी मांडलं, हात धुऊन आलो, बघतो तर पाटाच्या शेवटी, माझ्या मोठ्या पान्याला लागून, स्कूटरचा चार्जर. वायर गुंडाळून ठेवलेली. हळदकुंकू वाहिलेलं.

"हे इथं कुणी ठेवलं?"

"म्या," सुमन म्हणाली. ती पलीकडं तांदूळ निवडत बसली होती. "माझं बी हत्यारच हाय की ते."

"हत्यार! भिंतीत खुपसायची वायर ती! उचल."

"पूजा झाल्याव उचलायचं नसतंय," ती शांतपणे म्हणाली. मग सुपातला खडा काढता काढता बोलली, "उद्या भोरला जाऊन तुमची गाडी देऊन टाका. बबनभाऊजी घेत्यात म्हनं. तिची कामं करता करता तुमी म्हातारं व्हायला लागलाय. धुरानं खोकला जाईना. नवी आना, दोघांच्या दोन व्हतील."

दोघांच्या दोन. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणजे खांद्यावरचा हात गेला तो गेलाच. पण ते कुठं बोलता येतं? मी दुसरंच बोललो. "गाडी दिली तर तुला कळणार कसं मी आलो ते? तवा कधी टाकशील?"

"गाडीचा त्यात काय संबंध?"

"आवाज! आवाज ओळखतेस ना तू!"

सुमननं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. "अवो," ती म्हणाली, "म्या कवा वळखला आवाज? मला समद्या गाड्या सारख्याच वाटत्यात. निस्ती फटफट."

"मग इतकी वर्षं?"

"बाळ्या उठायचा. तुमी खालच्या वळनावर आला की त्यो कान टवकारून फाटकाकडं पळायचा. म्या तवा टाकायची. बाळ्या मेला, मग दुसरं कुत्रं आलं, ते उठायचं. आता चिक्या उठतो."

पाटावरच्या उदबत्तीची राख माझ्या मोठ्या पान्यावर पडली. ती पुसायचंही मला सुचलं नाही.

"तू तर म्हणाली होतीस..."

"म्हनले व्हते. नवी नवरी मी. तुमी इचारलं, मला काय सुचंना, तोंडाला आलं ते बोलले. पन तुमचं तोंड असं काय उजळलं! पार दिवाळी झाली. मग मी कुत्र्याचं नाव कसं काढू? दुसऱ्या दिवशी काढीन म्हनलं तर तुमी फाट्यावर सांगून आलेला." तिनं सूप परत उचललं. "न्हाई, पन तुमी खूस व्हता ना?"

होतो. तीच तर बोंब आहे. सबंध तालुक्यात मी बायकोच्या कानांचे गोडवे गात हिंडलो आणि श्रेय कुत्र्याचं होतं. पावसाचे चार महिने जाळी कापली, ती कुणासाठी? बाळ्यासाठी. त्या रात्री मी जेवलो नाही. चिक्या उंबऱ्याशी येऊन बसला, त्यालाही हाकललं. आता सांगायला लाज वाटते, पण मी स्कूटरवर जळत होतो ते कमी होतं म्हणून आता कुत्र्यावरही जळायला लागलो.

दसऱ्याला सकाळी गाडीला हार घातला आणि एकटाच निघालो. सुमन म्हणाली, "सोनं द्यायला दुपारी जायचं ना?" मी म्हणालो, "तू जा तुझ्या सवत्यावर. मी भोरला चाललोय, गाडी द्यायला." किक मारली. आवाज आला तोच, चढाला भरदार, उताराला हलका. सबंध वाटेनं तो मला ऐकवेना. वेल्ह्यात, मार्गासनीत, नसरापुरात माणसं गाड्या धुऊन हार घालून उभी होती. कुणी हात केला, मी केला नाही. कापूरव्होळवरून भोरचा रस्ता धरला तेव्हा ऊन चढलं होतं आणि हारातल्या झेंडूच्या पाकळ्या उडून माझ्या तोंडावर बसत होत्या.

बबनच्या शोरूममध्ये पेढ्यांचे बॉक्स, हार, फोटो, पोरीबाळी नव्या गाड्यांवर बसून. आणि मध्ये एक माणूस बबनच्या अंगावर धावून जात होता. त्याची स्कूटर दुसऱ्याच कुठल्या कंपनीची. बबननं आधी त्यांच्या गाड्या विकल्या होत्या. कंपनीनं गाशा गुंडाळला, बॅटरी बंद पडली, आता तिचा भाग कुणाकडं मिळत नाही. माणूस म्हणत होता, "मग मी काय हिला भाकड गायीसारखी दावणीला बांधू?" बबन हात जोडत होता. पांढऱ्या शर्टाला काखेत घाम आला होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तो माणूस गेल्यावर बबन माझ्याकडं आला. सोनं दिलं नाही, घेतलं नाही, सरळ माझ्या गाडीवर जाऊन बसला. एक्सलेटर नुसताच पिळला. सीटवरून हात फिरवला. मग म्हणाला, "गड्या, मी तुझ्यावर जळतो."

"माझ्यावर? पांढरा शर्ट घालून?"

"तुझ्याकडं गाडी येती. तू खोलतोस, बोट घालून बघतोस, काय झालंय ते तुला दिसतं. माझ्याकडं डबा येतो. डब्याला सील. खोलायचा न्हाई, कंपनीला कळवायचं. कंपनी जाग्यावर हाय का न्हाई तेच कळंना. ह्यो माणूस शिव्या देऊन गेला, त्याची गाडी मला दुरुस्त करता येत न्हाई. मला! उस्ताद असता तर कान उपटला असता."

मी विचारलं, "पण पुढं हेच चालणार ना?"

"कुनाला ठावं? एक जण म्हनतो बॅटरी. दुसरा म्हनतो गॅस. तिसरा म्हनतो उसाच्या पेट्रोलवर समदं पळंल. जो तो येऊन मलाच इचारतो, आत्ता घिऊ का थांबू. मी म्हनतो घ्या. म्हनावंच लागतं. घरी जाऊन झोप लागत न्हाई." तो गाडीवरून उतरला. "ही देऊ नको. मी घेतली तर उद्या भंगारात जाईल. माझ्या हातानं व्हनार न्हाई ते."

बबन माझ्यावर जळतो, हे ऐकून मला इतकं समाधान झालं की चहा मी पाजला. दुसरा पण मीच पाजला. पण परत निघालो तेव्हा मनात आलं, तो पुढचं बघणारा म्हणून मी त्याच्यावर जळत होतो आणि त्यालाच पुढचं दिसत नाही. म्हणजे आम्ही दोघंही अंधारात. आणि मला तर मागचंही धड दिसलं नव्हतं.

घरी पोचलो तर चिक्या फाटकाशी उभा, शेपूट हलवत. त्याला म्हणालो, "तू होय रे माझा आवाज ओळखणारा." त्याला काय, त्यानं हात चाटला. पडवी मोकळी होती. माझी शाल घडी घालून खुंटीवर. सुमन वेल्ह्याला गेली होती, एकटीच, आपट्याची पानं घेऊन. घरात पाटावर हत्यारं तशीच मांडलेली, शेवटी तो चार्जर.

ओट्यावर बसलो. उन्हं कलली. खाचरांवर पिवळा उजेड पसरला, मग तोही गेला. दिवस मावळला तसा गारठा चढला. चढावरून गाड्या येत होत्या, हार उडवत, हॉर्न वाजवत, सणाची माणसं घरी परतत होती. बायका मागं बसलेल्या, हात खांद्यावर. मी एकेक गाडी ओळखली आणि एकेकीवर जळलो. आपली कधी येणार? पडली तर नसेल? वळणावर वाळू आहे, तिला माहीत आहे का? सांगितलंय का मी कधी? इतकी वर्षं ती अशी बसत असेल का, हा विचार आला आणि मी उठून उगीच फाटकापर्यंत जाऊन आलो.

मग चिक्यानं मान उचलली. मी कान दिले. काही नाही. रातकिडे, आणि लांब कुणीतरी डुकरांना डबा वाजवतंय. पण चिक्याचे दोन्ही कान ताठ. तो उठला, अंग झटकलं आणि फाटकाकडं पळाला.

मी आत पळालो.

चूल पेटवायची तर लाकडं ओली लागली. गॅस पेटवला, तवा टाकला. तांदळाचं पीठ कुठल्या डब्यात असतं ते तिसऱ्या डब्यात कळलं. पाणी जास्त झालं, पीठ घातलं, पीठ जास्त झालं. बेअरिंगचं ग्रीस मी बोटानं नेमकं लावतो पण भाकरी काही गोल होईना, कडेनं फाटत गेली. थापली तशी टाकली. तवा फार तापला होता, हात भाजला, आईचं नाव घेतलं. भाकरी एका बाजूनं करपली आणि मधोमध कच्ची राहिली. ती उलटत होतो तोवर दारात सुमन उभी होती. हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले, हातात बहिणीनं दिलेली चिवड्याची पिशवी. तिनं माझ्याकडं बघितलं, तव्याकडं बघितलं. अंगणातली माझी गाडी तिला आधीच दिसली असणार.

"तुमाला कसं कळलं म्या आले ते?" तिनं विचारलं.

"आवाज ओळखला की गाडीचा," मी म्हणालो.

सुमननं मागं वळून चिक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिचं तोंड जे काही झालं, ते मी या आधी कधी बघितलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली, "लई मोठा आवाज हाय तिचा." आणि हात धुऊन त्या भाकरीसमोर येऊन बसली.